फेरफारासकट वही

१. ग्रुप आहे, वही आहे. मग विकी कशाला?

विज्ञान प्रकल्प करणाऱ्या मुलांना ‘चमूचं एक विकी करा’ असं सुचवलं की पहिला प्रश्न हाच येतो, आणि तो रास्त आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो जातात, वहीत आकडे उतरतात, शेवटी सर किंवा मॅडम बसून अहवाल टाइप करून घेतात. काम होतं. मग आणखी एक गोष्ट शिकायचा खटाटोप कशासाठी?

उत्तरासाठी एक चमू डोळ्यांसमोर आणू. नागपूर–छिंदवाडा रस्त्यावर, मध्य प्रदेशातल्या सौंसर तहसिलीत बोरगाव आहे. गावाला लागून औद्योगिक क्षेत्र आणि भोवतालच्या पट्ट्यात संत्र्याचे बगीचे. समजा, इथल्या पाच मुला-मुलींनी ठरवलं की बगीच्यांतल्या दहा विहिरींच्या पाण्याची पातळी वर्षभर मोजायची. विषय अस्सल आहे. आंबिया बहार धरायचा तर थंडीत झाडाला ताण द्यायचा आणि मग पाणी सोडायचं. त्या वेळी विहिरीत पाणी किती, यावर घरचं वर्षाचं गणित ठरतं.

आता चार महिन्यांनी काय होतं ते पाहा. ग्रुपवर कुणाचा तरी निरोप आहे: ‘तिसरी विहीर १४.’ चौदा काय? फूट, हात की मीटर? दोर कुठून खाली सोडला होता? निरोप पाठवणाऱ्यालाच आता आठवत नाही. वही ज्याच्याकडे आहे तो मामाच्या गावी गेला आहे. वर्ष संपलं की मोठी मुलं शाळा सोडून जातात आणि नवा चमू पुन्हा पहिल्या विहिरीपासून सुरुवात करतो. मला यातलं हे शेवटचं नुकसान सगळ्यांत मोठं वाटतं. भूजल एका वर्षात कळत नाही. पाच-सात वर्षांचे आकडे एका जागी आले तरच ते बोलू लागतात, आणि शाळेचा चमू तर दरवर्षी बदलतो.

राष्ट्रीय बाल विज्ञान काँग्रेसमध्ये भाग घेतलेल्या मुलांना ही अडचण ओळखीची असेल. १९९३ पासून भरणाऱ्या या उपक्रमात १० ते १७ वयाची मुलं आपल्या परिसरातला प्रश्न घेऊन गटानं प्रकल्प करतात, आणि अहवालासोबत रोजच्या कामाची नोंदवही, म्हणजे लॉग बुक, दाखवावी लागते. या देशव्यापी उपक्रमाचं मूळ मध्य प्रदेशातच आहे. ग्वाल्हेरच्या विज्ञान केंद्रानं राज्यात काही वर्षं चालवलेल्या प्रयोगावरून तो उभा राहिला. नोंदवहीचा आग्रह या उपक्रमात असतोच. ती वही पाचही जणांना, पाच घरांतून, एकाच वेळी उघडता आली तर काय होईल, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

२. विकी म्हणजे विकिपीडिया नव्हे

पुष्कळ जण दोन्ही शब्द एकाच अर्थानं वापरतात, म्हणून आधी हा घोळ निस्तरू. विकी हा संकेतस्थळाचा एक प्रकार आहे. विकिपीडिया हे त्या प्रकारातलं सगळ्यांत प्रसिद्ध स्थळ.

मार्च १९९५ मध्ये वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकी प्रोग्रामरनं पहिलं विकी सुरू केलं. प्रोग्रामरांनी आपापल्या युक्त्या एकमेकांना सांगाव्यात, एवढाच हेतू होता. त्या काळी संकेतस्थळावर एक ओळ बदलायची तरी ते चालवणाऱ्या माणसाकडे जावं लागे. कनिंगहॅमनं वाचणाऱ्याच्याच हाती ‘संपादन’ची कळ दिली. होनोलुलूच्या विमानतळावरच्या झटपट बसचं नाव ‘विकी विकी’ होतं, ते त्यानं उचललं. विकिपीडिया त्यानंतर, १५ जानेवारी २००१ ला आला, आणि मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला.

म्हणजे विकीत मुळात तीनच गोष्टी: पान, ते बदलण्याची कळ, आणि एका पानावरून दुसऱ्यावर नेणारा दुवा. यांच्या जोडीला एक चौथी गोष्ट नंतर पक्की झाली, आणि विज्ञानाच्या चमूसाठी तीच सगळ्यांत मोलाची आहे.

३. खोडलेलं दिसायला हवं

ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना सातबारा आणि फेरफार माहीत असतात. जमिनीवरचं नाव बदललं तर जुनं नाव खरवडून काढत नाहीत. ते कंसात जातं, शेजारी फेरफाराचा क्रमांक येतो, आणि त्या क्रमांकावरून बदल कधी झाला, कशाच्या आधारानं झाला, हे शोधता येतं. बोरगावकडे हेच काम पटवाऱ्याकडच्या खसऱ्यात आणि नामांतरणाच्या नोंदीत होतं. विकीच्या प्रत्येक पानामागे अशीच फेरफाराची नोंद असते. तिला ‘इतिहास’ म्हणतात.

इतिहासाची कळ दाबली की पानाच्या सगळ्या जुन्या आवृत्त्या ओळीनं दिसतात: तारीख, वेळ, कुणी बदललं, आणि त्यानं लिहिलेला एका ओळीचा सारांश. कोणत्याही दोन आवृत्त्या निवडून ‘फरक’ पाहता येतो. काय गेलं नि काय आलं, ते शेजारी-शेजारी मांडलेलं असतं. बदल चुकीचा निघाला तर तो उलटवता येतो, आणि उलटवल्याचीही नोंद राहते.

आपल्या तिसऱ्या विहिरीचं उदाहरण घेऊ. पानावर पहिली नोंद आहे: ‘पाणी १४’. आठवड्यानं दुसरी मुलगी पान उघडते, मोजणाऱ्याला विचारते. तो सांगतो, टेप फुटांची होती. ती हिशेब करते: १ फूट म्हणजे ०.३०४८ मीटर, म्हणून १४ फूट म्हणजे ४.२७ मीटर. पानावर ती ४.२७ लिहिते आणि सारांशात टाकते: ‘फुटांचे मीटर केले, मोजणाऱ्याला विचारून.’

महिन्याभरानं तिसऱ्याच्या लक्षात येतं की टेप विहिरीच्या काठड्यावरून खाली सोडली होती. भूजल मोजणारे लोक खोली जमिनीपासून धरतात, कारण प्रत्येक विहिरीचा काठडा वेगळ्या उंचीचा असतो. तो काठडा मोजतो: ०.७५ मीटर. ४.२७ मधून ०.७५ वजा केले की ३.५२ मीटर. सारांश: ‘काठड्याची उंची वजा केली, आता आकडा जमिनीपासून.’

पानावर आज फक्त ३.५२ दिसतं. पण ज्याला शंका येईल तो इतिहासात जाऊन १४ पासून ३.५२ पर्यंतची वाट चालून पाहू शकतो. तिथे कुणाची चूक काढलेली नाही. आकडा खरा कसा होत गेला, ते राहिलं आहे. म्हणूनच सारांशाची ती चिंचोळी चौकट कधी रिकामी सोडू नये. नवशिक्यांकडून सर्वांत जास्त दुर्लक्ष तिच्याकडेच होतं. ‘बदल केला’ एवढंच लिहिणंही निरुपयोगी. बदल झाला हे संगणकाला कळतंच. का केला, हे माणसानंच सांगावं लागतं.

४. पहिलं पान

शिकायची जागा म्हणजे धूळपाटी. मराठी विकिपीडियावर सराव-पानाला हेच नाव आहे. खातं उघडलं की स्वतःची धूळपाटी मिळते, तिथे हवं ते लिहावं नि पुसावं. देवनागरी टंकण्याची सोयही तिथेच आहे. फोनवर टंकता येत असेल तर हाताला वळण आधीच असतं.

मिडियाविकी या सॉफ्टवेअरवर विकिपीडिया चालतो. त्यात लिहिण्याच्या खुणा इतक्या थोड्या आहेत की एका दुपारी शिकून होतात. शब्दाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन एकेरी अवतरणचिन्हं दिली की तो ठळक होतो: '''पातळी'''. ओळीच्या दोन्ही टोकांना दोन-दोन बरोबरीची चिन्हं दिली की मथळा: == मोजण्याची पद्धत ==. ओळीच्या सुरुवातीला * दिला की यादीचा ठिपका, # दिला की क्रमांक. आणि दुहेरी चौकटी कंस म्हणजे दुवा: [[तिसरी विहीर]]. दुव्यावर वेगळे शब्द दिसायला हवे असतील तर मध्ये उभी रेघ: [[तिसरी विहीर|रस्त्याकडची विहीर]].

खुणांना हात न लावता, थेट कागदावर लिहिल्यासारखं संपादन करण्याची सोय आता बऱ्याच विकींत आहे. तरीही मी मुलांना आधी खुणाच शिकवाव्यात या मताचा आहे. तक्ता बिघडला, दुवा तुटला, की आत काय चाललंय हे ज्याला दिसतं तोच तो दुरुस्त करू शकतो.

नवीन पान करायची रीत पहिल्यांदा चमत्कारिक वाटते: जे पान अजून नाही त्याचा दुवा आधी द्यायचा. तो लाल दिसतो. लाल दुव्यावर टिचकी मारली की कोरं पान उघडतं. लिहून जतन केलं की दुवा निळा होतो. आपल्या चमूनं मुख्य पानावर दहा विहिरींची दहा नावं दुहेरी कंसात लिहिली की दहा लाल दुवे समोर येतात, आणि कामाची यादी आपोआप तयार होते. जतन करण्याआधी ‘झलक’ पाहायची सवय लावावी. टंकनाच्या निम्म्या चुका तिथेच सापडतात.

दहाही विहिरींच्या पानांवर तीच माहिती त्याच क्रमानं हवी असेल, म्हणजे मालकाची परवानगी आहे का, काठड्याची उंची, विहिरीचा व्यास, कोणत्या महिन्यात किती पाणी, तर एक ‘साचा’ करून ठेवता येतो. तो प्रत्येक पानावर बोलावला की रिकाम्या जागा तेवढ्या भरायच्या. केंद्रीय भूजल मंडळ आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजतं: जानेवारीत, पावसाळ्याआधी, ऑगस्टमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये. साच्यात हेच चार कप्पे ठेवले तर मुलांचे आकडे पुढे मंडळाच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहता येतील.

५. बोरगाव नेमकं कोणतं?

पानाचं नाव ठरवणं सोपं वाटतं. ‘बोरगाव’ लिहिलं की झालं! पण बोरगावं किती तरी आहेत: अकोल्याजवळ बोरगाव मंजू आहे, सांगली जिल्ह्यात आहे, आणखीही कित्येक. एका नावाच्या अनेक गोष्टी असल्या की विकीवर एक वेगळं पान करतात आणि त्यावर फक्त वाटा दाखवतात: हे बोरगाव हवं असेल तर इकडे, ते हवं असेल तर तिकडे. मराठी विकिपीडियावर याला निःसंदिग्धीकरण पान म्हणतात. आपल्या पानाचं नाव मग ‘बोरगाव (सौंसर)’ असं ठेवायचं.

सौंसरचीही तीच गत. ते एक गाव आहे, एक तहसील आहे, आणि भूशास्त्रज्ञांच्या जगात ‘सौंसर समूह’ हे फार जुन्या खडकांच्या एका गटाचं नाव आहे. बालाघाट, भंडारा, नागपूर या पट्ट्यातलं मँगनीज याच खडकांत सापडतं. आपल्या तहसिलीचं नाव दूरदेशीच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत छापलेलं आहे, हे बोरगावच्या किती मुलांना ठाऊक असेल? विहिरी मोजणाऱ्या चमूनं ‘इथला खडक’ असा एक लाल दुवा दिला तर तिथवर पोचता येतं. आणि विहिरीला पाणी कुठून येतं, हा प्रश्न खडकाशिवाय सुटतही नाही.

लेखनभेदांचं काय? कुणी सौसर लिहितं, कुणी सौंसर. कुणी पांढुर्णा, कुणी पांढुरणा. एक नाव ठरवून त्यावर मजकूर ठेवायचा आणि बाकीच्या नावांची ‘पुनर्निर्देशनं’ करायची, म्हणजे कुठल्याही नावानं शोधलं तरी वाचणारा त्याच पानावर येतो.

भाषेचा प्रश्नही इथेच उभा राहतो. या भागात घरी मराठी आणि शाळेच्या पुस्तकात बहुधा हिंदी असते. विहीरमालक आजोबांशी झालेलं बोलणं मराठीत, तक्ता हिंदीत, असं झालं तर बिघडत नाही. एकाच विषयाची दोन भाषांतली दोन पानं करून ती एकमेकांना जोडता येतात. आजोबा ‘झरा’ कशाला म्हणतात, ‘पाझर’ कशाला, हे त्यांच्याच शब्दांत उतरवलेलं पान मला तक्त्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

६. दोघांनी एकदम लिहिलं तर?

दोन जणांनी एकाच वेळी पान उघडलं आणि वेगवेगळे परिच्छेद बदलले, तर मिडियाविकी बहुतेक वेळा दोन्ही बदल स्वतःच जुळवून घेतं. दोघांनी एकाच ओळीला हात घातला, तर नंतर जतन करणाऱ्याला दोन्ही मजकूर समोर दिसतात आणि काय ठेवायचं ते त्याला ठरवावं लागतं. उपाय साधा: छोटे बदल करावेत, वारंवार जतन करावेत.

खरी अडचण मतभेदांची असते. एकाला वाटतं, सातव्या विहिरीचा मे महिन्याचा आकडा वगळावा, कारण त्या सकाळी मोटर चालू होती. दुसरीला वाटतं, ठेवावा. अशा वेळी एकानं काढायचं, दुसरीनं परत घालायचं, असा खेळ पानावर चालू द्यायचा नाही. प्रत्येक पानाला जोडून एक ‘चर्चा’ पान असतं. तिथे कारणं लिहायची आणि शेवटी चार नागमोडी चिन्हं ~~~~ टंकायची. जतन करताच तिथे नाव आणि वेळ येते. इथे निर्णय असा होऊ शकतो: आकडा ठेवू, पण शेजारी ‘मोटर चालू होती’ अशी टीप देऊ. परीक्षकानं पुढे विचारलं, ‘हा आकडा असा का?’, तर उत्तर लिहिलेलं असतं.

मराठवाडा-विदर्भाच्या शाळांत काय किंवा सातपुड्याच्या पायथ्याशी काय, मोठ्यांनी लिहिलेलं खोडायला मुलं कचरतात. म्हणून मार्गदर्शक शिक्षकांनी पहिल्या आठवड्यात एक काम मुद्दाम करावं. स्वतः एक परिच्छेद लिहावा आणि मुलांना तो सुधारायला सांगावं. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात हे पूर्वी घडलेलं आहे. १९७२ मध्ये १६ शाळांत सुरू झालेल्या आणि २००२ पर्यंत चाललेल्या त्या कार्यक्रमातली ‘बाल वैज्ञानिक’ ही पुस्तकं वर्गातल्या अनुभवावरून, शिक्षकांनी आणलेल्या शंकांवरून पुन्हा पुन्हा बदलली गेली. संगणक नसतानाही पाठ्यपुस्तक दुरुस्त होऊ शकतं, हे मध्य प्रदेशच्या गावांनी दाखवलं होतं.

७. हेच सगळं विकिपीडियावर टाकायचं का?

नाही. ही सीमारेषा पहिल्या दिवशीच समजावून घ्यावी, नाही तर हिरमोड होतो.

विकिपीडिया हा ज्ञानकोश आहे. दुसरीकडे विश्वासार्ह ठिकाणी प्रसिद्ध झालेलं तेवढंच तिथे चालतं. मुलांनी स्वतः मोजलेली ३.५२ मीटरची पातळी कितीही खरी असली तरी तिथे बसत नाही, कारण ती पडताळायला वाचकाकडे दुसरा आधार नाही. तिची जागा चमूच्या स्वतःच्या विकीवर.

मग विकिपीडियावर चमूनं काय करावं? पुष्कळ आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा आणि सौंसर या तहसिली काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. छापील पुस्तकांत जुनं वाक्य तसंच राहील. विकीवर ते कुणीही बदलू शकतं. जिथे ‘छिंदवाडा जिल्ह्यातील सौंसर’ दिसेल तिथे जिल्हा बदलायचा, शासकीय अधिसूचनेचा किंवा वृत्तपत्राचा संदर्भ जोडायचा, सारांश लिहायचा. पण एक वाक्य जपून हाताळायचं. ‘२०११ च्या जनगणनेत’ असं सुरू होणाऱ्या वाक्यातलं ‘छिंदवाडा’ तसंच ठेवावं, कारण त्या मोजणीच्या वेळी जिल्हा तोच होता. सगळीकडे एकदम शोधून बदलणारा माणूस नेमका इथे फसतो.

तटस्थ लिहिण्याचा सराव करायलाही घरचाच विषय आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये जाम नदीच्या पात्रात गोटमार, म्हणजे एकमेकांवर दगडफेक, होते. तिच्यावर लिहिताना परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्याला आणि जखमींसाठी हळहळणाऱ्याला, दोघांनाही आपली बाजू नीट मांडलेली दिसली पाहिजे. असा परिच्छेद लिहून पाहावा. निबंधस्पर्धेपेक्षा तो पुष्कळ अवघड आहे.

छायाचित्रं स्वतः काढलेलीच चढवावीत. इंटरनेटवरून उचललेली चालत नाहीत. शाळकरी मुलांनी आपलं पूर्ण नाव, फोन नंबर, घराचा पत्ता कुठल्याही उघड्या विकीवर लिहू नये. हेच विहीरमालकांबाबत: विहिरीला क्रमांक द्यावा, मालकाचं नाव वहीत ठेवावं.

८. जिथे विकीवरच गुण मिळतात

विद्यार्थ्यांचे विज्ञान-चमू आणि विकी यांची जगातली सगळ्यांत घट्ट जोडी ‘आयजेम’ या स्पर्धेत दिसते. २००३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत एक छोटा अभ्यासवर्ग म्हणून ती सुरू झाली. २००४ मध्ये पाच चमू होते. आता दरवर्षी जगभरातून शेकडो येतात. जिवाणूंसारख्या सूक्ष्मजीवांत जनुकीय बदल करून उपयोगाचं काही घडवायचं, असा विषय असतो. पुण्याच्या आयसरचे आणि मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे चमूही त्यात उतरले आहेत.

या स्पर्धेत प्रत्येक चमूला आपलं काम विकीवर मांडावंच लागतं, आणि परीक्षक ते वाचून येतात. ठरलेल्या क्षणी सगळी विकी गोठवली जातात. त्यानंतर स्वल्पविरामही बदलता येत नाही. पूर्वी ही पानं मिडियाविकीवर असत, २०२२ पासून ती गिटलॅबवर, म्हणजे प्रोग्रामर वापरतात त्या बदल-नोंदणीच्या साधनावर लिहितात.

मला त्यांची एक अट फार आवडते. कुणी काय केलं, बाहेरून कुणाची मदत झाली, हे सांगणारं स्वतंत्र पान प्रत्येक चमूला करावं लागतं. बोरगावच्या चमूनं ते पहिल्याच दिवशी करावं. टेप कुणी आणली, हिशेब कुणी तपासला, कोणत्या काकांनी विहिरीच्या गाळाबद्दल सांगितलं, सगळं त्यात यावं. दुसरी घेण्यासारखी गोष्ट म्हणजे जुन्या चमूंची विकी जपून ठेवलेली असतात, आणि नवे चमू ती वाचूनच सुरुवात करतात.

महाराष्ट्रात पाबळच्या विज्ञान आश्रमातही कामाबरोबर नोंदीचा असाच आग्रह आहे. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये हा आश्रम सुरू केला आणि २००२ मध्ये तिथे फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीनं वस्तू बनवण्याची कार्यशाळा, आली. फॅब लॅबशी जोडलेल्या फॅब अकॅडमी या अभ्यासक्रमात दर आठवड्याला काय बनवलं, काय फसलं, हे ज्यानं त्यानं आपल्या पानावर लिहायचं असतं. वस्तू चालली पण पान लिहिलं नाही, तर काम पुरं झालं असं धरत नाहीत.

९. नेट नसेल तेव्हा

शाळेत एकच संगणक आहे आणि नेट येतं-जातं, अशा ठिकाणीही विकी चालतं. मिडियाविकी फुकट आहे, पण ते बसवायला माहीतगार माणूस लागतो. शाळेला मला डोकुविकी जास्त सोयीचं वाटतं. त्याला वेगळा डेटाबेस लागत नाही, प्रत्येक पान साध्या मजकुराच्या फाइलीत राहतं, आणि एक जण पान लिहीत असताना ते दुसऱ्यासाठी तात्पुरतं कुलूपबंद होतं. टिडलीविकी तर एकच फाइल आहे. पेनड्राइव्हवर नेता येते. मात्र तिच्यात आवृत्त्यांचा इतिहास आपोआप राहत नाही, आणि आपल्याला हवा होता तो नेमका इतिहासच. ती वापरायची तर दर आठवड्याला तारीख घातलेली नवी प्रत ठेवावी.

कोणतंही साधन घेतलं तरी मुख्य पानावर ‘पुढच्या चमूसाठी’ असा एक दुवा पहिल्यापासून असू द्यावा. कोणती विहीर बुजवली गेली, कोणाच्या बगीच्यात जायला आधी विचारावं लागतं, टेप कुठे ठेवली आहे, काठड्यांच्या उंचीचा तक्ता कोणत्या पानावर आहे, सातव्या विहिरीचा मे महिन्याचा आकडा पुन्हा का मोजायचा, आणि कोणते लाल दुवे अजून लालच आहेत, हे सगळं तिथे लिहावं. वर्ष संपायच्या आत, जुनी मुलं शाळेत असतानाच, नव्या मुलांना त्या पानावर बसवून त्यांच्याकडून पहिली दुरुस्ती करून घ्यावी.